केक बरो झालो, पण…

घरात केक करणारी बायको असली की दोन गोष्टी साचतात. एक म्हणजे केकची डोकी. केक ओव्हनमधून फुगून आला की क्रीम लावायच्या आधी वरचा घुमट सपाट कापून काढतात. ती उडवलेली डोकी माझ्या वाट्याला येतात, आणि माझं पोट म्हणजे त्यांचं स्मारक आहे. दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. त्यांचं एक बरं असतं, कितीही साचले तरी शुगर वाढत नाही.

तर रामेश्वराची शपथ घेऊन सांगतो, खाली लिहिलंय त्यात एक अक्षर खोटं नाही. आता मालवणी माणूस शपथ घेतो म्हणजे थोडं वाढवून सांगणार, हे रामेश्वरालाही ठाऊक आहे. पण वाढवणं म्हणजे खोटं नव्हे. स्पंज फुगतो, तो काय खोटा असतो? शिवाय मी फक्त डोळ्यांदेखत घडलेलंच सांगणार. दोन ठिकाणी मी हजर नव्हतो, पण असतो तर असंच बघितलं असतं.

माणसं चारच. मी. मालवणात माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि उरलेल्या वेळात केकचा बॉक्स धरतो. वैजू, माझी बायको, घरी केक करते. शेजारच्या शमीमभाभी तिला क्रीमची फुलं पाडून देतात. चौथे वैजूचे वडील, आबा. देवबागचे जुने तांडेल. सगळं आयुष्य होडीवर गेलं, आता गुडघे गेले.

आबांना वाक्यात 'पण' लागतो. वैजू दहावीला फर्स्ट क्लासमध्ये पास झाली तेव्हा आबा म्हणाले, "बरा झाला, पण पयलो नंबर कोणाचो?"

आमच्या लग्नात त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "झिल बरो आसा, पण…"

बावीस वर्षं झाली. ते वाक्य अजून पूर्ण झालेलं नाही!

वैजूला सोनं नको, साडी नको. तिला फक्त एकदा बापाच्या तोंडून "बरो झालो" ऐकायचंय, आणि त्यापुढे फुलस्टॉप.

*

पहिला केक तिने गोल रिंगच्या भांड्यात केला. मधे भोक असलेला, फॅशनचा. तान्ह्या बाळासारखा जपून देवबागला नेला. आबांनी एक घास खाल्ला. तोंड हललं. वैजू पुढे सरकली.

"बरो झालो," आबा म्हणाले, "पण मदलो कोणी खाल्लो?"

आणि सगळ्या घराने माझ्याकडे बघितलं.

*

एकदा देवबागच्या होमस्टेवर उतरलेल्या पुण्याच्या मंडळींनी चॉकलेट केक सांगितला. संध्याकाळी चारला द्यायचा. पावणेतीनला केक ओव्हनमध्ये अर्धा शिजला आणि लाईट गेली. मी माणूस विजेचा, पण दुरुस्त करायला आधी वीज तरी हवी!

वैजू रडायच्या बेतात. शमीमभाभी आत आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "रडतंस कित्याक गो? धोंडस कसा करतंव आपण?"

काकडीचं धोंडस, म्हणजे आमचा जुना गावठी केक, पातेल्यात होतं. खाली निखारे, झाकणावर निखारे. भाभींनी केक पातेल्यात बसवला, वर पेटलेल्या करवंट्या रचल्या आणि मला फुंकायला बसवलं. केक झाला. पण त्याला वास असा, की खाणाऱ्याने आधी अग्निशमन दलाला फोन करावा.

पुणेकरांनी खाल्ला. एक बाई डोळे मिटून म्हणाल्या, "हा कुठला फ्लेवर?"

वैजूच्या तोंडून निघून गेलं, "स्मोक्ड."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोन सांगितले. गेल्यावर बहिणीला सांगितलं, बहिणीने सोसायटीला सांगितलं. आता धडधडीत लाईट असतानाही मला करवंट्या फुंकाव्या लागतात!

आबांना एक तुकडा दिला होता. "बरो झालो, पण घर वाचला मा?"

*

शमीमभाभींच्या हातची फुलं बघाल तर भुंगाही फसेल. एका डोहाळजेवणासाठी त्यांनी चाळीस कपकेकवर क्रीमची अबोली काढली. दुपारी दीडचं ऊन, मांडवात पंखा नाही. (तो दुरुस्तीला माझ्याकडेच होता, पण तो वेगळा विषय.)

यजमानीणबाईंच्या मावशी आल्या. ताटातल्या कपकेककडे न बघता वरचं फूल तेवढं उचललं आणि अंबाड्यात खोचलं! आम्ही काही बोलायच्या आत ओटी भरायला गेल्या सुद्धा. दहा मिनिटांत अबोली मानेवरून उतरायला लागली. मावशींनी बोटाने पुसलं, हुंगलं, चाटलं.

मग शांतपणे परत ताटाजवळ आल्या आणि दुसरं खोचलं.

*

आमच्या बाजारात मासे विकणारी सुंदरमावशी. तिच्या नातवाला वाढदिवसाला सरंग्याचा, म्हणजे पापलेटच्या आकाराचा केक हवा होता. वैजूने जीव ओतला. चमच्याच्या टोकाने एकेक खवला उठवला, चांदीचा रंग दिला, डोळा असा बसवला की मासा आपल्याकडे बघून विचारतोय, काय भाव?

सुंदरमावशी केक न्यायला आली. बॉक्स उघडला. चाळीस वर्षांची सवय. तिचा अंगठा आपोआप गेला कल्ल्याखाली. ताज्या माशाचे कल्ले लाल असतात, हे आमच्याकडे पोराला अंकलिपीच्या आधी कळतं. मावशीने साखरेच्या लगद्याचा कल्ला उचलला. आत व्हॅनिलाचा पांढराफटक स्पंज!

मावशी भर रस्त्यात ओरडली, "गो वैजू, सरंगो शिळो आसा!"

त्या दिवसापासून आमच्याकडे माशाचा केक फक्त रेड व्हेल्वेटमध्ये मिळतो.

*

देवगडला आंब्याचा केक पाठवणं म्हणजे मोठं धाडस. पण एका बागायतदाराने मुलीच्या साखरपुड्याला सांगितला. जानेवारी महिना, पिकलेला हापूस कुठून आणणार? तरी वैजूने केक केला, मी सावरत सावरत नेला.

बागायतदारांनी बोटावर क्रीम घेतली, जिभेवर ठेवली आणि चेहरा असा केला, जसा काही मुलगा नापास झालाय.

"हो आंबो देवगडचो न्हय," ते म्हणाले. "हो रत्नागिरीचो!"

मी मान खाली घातली. कबूल केलं. म्हटलं, "काका, तुमच्या जिभेपुढे काय लपणार?"

ते खूश झाले. मला चहा पाजला, जिभेचे आणखी चार पराक्रम सांगितले. मी त्यांना कसं सांगणार, की केकमध्ये आंबा नव्हताच? इसेन्सची बाटली होती!

*

आचऱ्याकडच्या एका काकींचा फोन आला. यजमानांची साठी, एक किलोचा केक.

"नाव काय लिहू?" वैजूने विचारलं.

"तेंचा."

"हो, त्यांचंच. पण नाव काय?"

"गो बाय, मी कसा घेव तेंचा नाव? चाळीस वर्सात घेवक नाय!"

वैजूने खूप समजावलं. शेवटी काकींनी कोडं घातलं, "रामाचो धाकटो भाव!"

वैजूने फोन ठेवला आणि ऐटीत लिहिलं, 'लक्ष्मण'.

संध्याकाळी काका स्वतः बॉक्स घेऊन दारात. काकांचं नाव शत्रुघ्न! रामाचा धाकटा म्हणजे अगदी शेवटचा धाकटा, हे काकींच्या हिशेबी सरळ होतं. एवढ्यावर भागलं असतं. पण लक्ष्मण हा काकांचा सख्खा मोठा भाऊ, आणि कुंपणावरच्या फणसापायी अकरा वर्षं दोघांत शब्द नाही.

वैजू म्हणाली, "काका, दुसरा करून देते." (खरं तर तिला घाम फुटला होता. 'शत्रुघ्न' क्रीमने लिहायचं म्हणजे एक किलोत मावत नाही.)

"नको," काका म्हणाले. "नाव लिवलेला परत घेवचा नसता. ज्येचो तेका देतंय."

आणि बॉक्स घेऊन तडक भावाच्या दारात गेले. अकरा वर्षांनी दोघे एकमेकांशी बोलले!

काय बोलले ते इथे छापता येणार नाही.

*

आबांना पंचाहत्तर पूर्ण झाली ती मे महिन्याच्या अखेरीस. वैजूने पंधरा दिवस आधीच जाहीर केलं, "शेवटचो. ह्या खेपेक 'पण' इलो, तर देवबागात केक नेवचंय नाय."

तिने आबांची होडी करायला घेतली. गुडघे गेले तेव्हा विकून टाकलेली, 'पावणाई प्रसाद'. एका जुन्या फोटोवरून पुढच्या टोकाची नाळ, वल्ही, निळा पट्टा, सगळं हुबेहूब. दोरखंडाच्या गाठी शमीमभाभींनी वळल्या. त्यांचे वडीलही दर्यावर्दी, चुकीची गाठ त्यांच्या हातून स्वप्नातही पडत नाही. जाळं करताना तर दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. जाळं इतकं बारीक होतं की मी शिंकलो म्हणून मला दुकानात झोपायला पाठवलं.

वाढदिवसाच्या दिवशी वैजूचं डोकं दुखायला लागलं. दुखत वगैरे काही नव्हतं. तिला तिथे उभं राहून तो शब्द ऐकायचा नव्हता. "तुमी जावा," म्हणाली. "काय म्हणतत ता माका फोन करून सांगा. जसाच्या तसा. तुमचा मीठमसालो नको."

मी होडी मांडीवर घेऊन रिक्षाने देवबागला गेलो. खळ्यात, म्हणजे अंगणात, वाडीतली चाळीसेक माणसं जमली होती. टेबलावर बॉक्स उघडला. सगळे टाचा उंचावून बघायला लागले.

आबांनी चष्मा मागवला. काठी टेकत होडीभोवती एक फेरी मारली. मग उलटी फेरी. नाळेजवळ वाकले. गाठ बघितली. नाव वाचलं. ओठ हलले, आणि मी खिशात फोन घट्ट धरला. पण शब्द आला नाही.

कोणीतरी मेणबत्ती पेटवली. मी सुरी पुढे केली.

आबांनी सुरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "होडयेक सुरी लावतत, जावयबापू?"

आता चाळीस माणसं, एक सुरी आणि कापायचा नसलेला केक! मी सुरी पाठीमागे लपवली.

"नारळ हाडा," आबा म्हणाले.

नारळ आला. आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि नवी होडी पाण्यात सोडताना घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रामेश्वरा म्हाराजा! आज ही होडी तुझ्या पायाशी ठेवलंय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं खळं ओरडलं.

"हिका वाऱ्यापासून, पावसापासून राख, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंग्यांपासून, मांजरांपासून आणि जावयापासून राख, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोच्या भावाचा होता.

गाऱ्हाणं चाललं तोवर मेणबत्ती वितळून डेकवर सांडली. आबांनी मेणाचे थेंब नखाने एकेक करून उचलले. नारळ फोडला. केकच्या आशेने आलेली चाळीस माणसं हातावर खोबऱ्याचा तुकडा घेऊन घरी गेली.

मग आबांनी होडी स्वतः उचलली. गुडघे गेलेला माणूस, काठी बाजूला टाकून! मी धरायला गेलो, तर माझ्यावर डोळे वटारले. पायरी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर. तिथे फ्रीजपुढे थांबले.

मी बाहेर आलो आणि फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"काय म्हटल्यानी?"

"काय नाय."

"खोटा नको. 'पण' म्हटल्यानी मा?"

"'पण' पण नाय."

"कापलो?"

"नाय. गाऱ्हाणा घातल्यानी आणि फ्रीजमधे ठेवल्यानी."

मग तिने विचारलं, "फ्रीजमधे जागा खंय होती? आठ दिवसांनी पावसापायी मासेमारी बंद. गच्च भरललो आसतलो."

"सुरमई भायर काढल्यानी."

"सगळी?"

"सगळी."

फोनवर समुद्रासारखी गाज येत राहिली. मी दोनदा "हॅलो" म्हटलं. शेवटी शमीमभाभींचा आवाज आला, "भावजी, काय सांगितलास तिका? रडता मा ती!"

हा किस्सा अक्षर न अक्षर खरा आहे. फक्त सुरमई माझ्या पदरची.

बांगडे होते.