आयोवातले भले शेजारी

विमान उतरू लागलं तेव्हा खाली नुसतं पांढरं पसरलं होतं. माणसं राहतात तरी कुठे, असं मला वाटलं. मी काही मौजेखातर निघाले नव्हते. धाकटा भाऊ प्रकाश आयोवात इंजिनिअर. तिथला नागरिक झाल्यावर त्याने आईला कायमचं नेण्यासाठी अर्ज केला होता. "आधी तू बघून ये, मग मी ठरवते," म्हणून आईने मला नागपूरहून पिटाळलं होतं.

दुसऱ्याच दिवशी अंगणातल्या बर्फावर घसरून मी धपकन पडले. शेजारचे बॉब धावत आले आणि मला उभं केलं. संध्याकाळी त्यांच्या बायकोने मक्याचं गरम सूप आणून दिलं. ते चक्क गोड निघालं, तरी मी मुकाट्याने संपवलं. आईला इथे करमेल, असं वाटू लागलं.

शहाण्णव सालचा तो फेब्रुवारी म्हणजे कॉकसचे (पक्षाच्या लोकांनी आपापल्या भागात जमून अध्यक्षपदाचा उमेदवार पसंत करण्याची बैठक) दिवस. दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर लावणारा आमचा प्रकाश परंपरावादी पक्षात शिरला होता. मी चिडवलं तर म्हणाला, "ताई, इथलं पॉलिटिक्स वेगळं असतं. हे लोक टॅक्स कमी करतात." मग मीही त्याच्याबरोबर बघायला गेले.

शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक उमेदवारासाठी कुणी ना कुणी शेजारी उठून बोलत होता. एकाला फक्त टॅक्स दिसत होता, दुसऱ्याला चर्च आणि गर्भपात, तिसऱ्याला परदेशी मालाने बुडवलेले कारखाने. एकाच पक्षातले असून सवतींसारखे भांडत होते. मला मजा वाटत होती.

मग बॉब उठले. त्यांचा उमेदवार सीमेवर कुंपण घालणार होता, बाहेरच्यांचं येणं काही वर्षं बंद करणार होता. बॉब शांतपणे, समजुतीच्या स्वरात बोलत होते. इतका वेळ एकमेकांना शब्दाशब्दाला अडवणारे आता सगळेच माना डोलावत होते.

प्रकाश उभा राहू लागला. मी त्याचा कोट धरला, त्याने तो सोडवून घेतला.

"बॉब, माझी आई येणार आहे. तिलाही दार बंद?"

बॉब अगदी ओशाळले. "तुझ्याबद्दल नाही रे, प्रकाश. तू कुठे त्यांच्यासारखा आहेस? तू तर आमच्यातलाच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रकाश थँक यू म्हणून खाली बसला. आमच्या बाबांना ऑफिसात हेच, इतक्याच प्रेमाने ऐकवलं जायचं. बढतीची वेळ आली की मात्र बाबा पुन्हा 'त्या लोकांतले' व्हायचे.

घरी जाताना प्रकाश गाडी चालवत म्हणाला, "ताई, तो मनाने चांगला आहे." मला ते माहीत होतं. परतीच्या विमानातही तेच डोक्यात घोळत राहिलं. शिव्या देणाऱ्यापासून माणूस चार हात लांब राहतो. बॉबपासून आईने लांब कसं राहायचं?

नागपूरला आई दारातच उभी होती. शेजार चांगला आहे, असं मी तिला सांगितलं.

"आपल्याला काही म्हणत नाहीत ना?"

"आपल्याला नाही म्हणत."

आईने माझ्या हातातली बॅग घेतली आणि तशीच थांबली.

"मग कोणाला म्हणतात?"