निंबाखालचं गाणं

मिक्सरला हात लावायच्या आधी तो खिशातला कांदा चाचपून बघायचा. ऊन लागू नये म्हणून वर्ध्याच्या मे महिन्यात खिशात कांदा ठेवणारे तुम्हीआम्ही सगळेच. पण हा लग्नातला डीजे. डोक्याला ओला दुपट्टा आणि मागे माणसाहून उंच स्पीकर. पोरं ओरडायची, "भाऊ, वाढव ना!" हा शांतपणे म्हणायचा, "घाई काऊन करता? नवरदेव पळून चालला का?"

मी लग्नांचे फोटो काढतो. त्यामुळे उन्हाळाभर आम्ही एकाच वरातीत असायचो, तो पिकअपवर आणि मी तिच्यापुढे उलटा चालत. उलटं चालताना मी एकदा शेणात पडलो आणि एकदा नवरीच्या मामाच्या अंगावर. दोन्ही वेळा त्याने गाणं थांबवून विचारलं, "फोटूवाले भाऊ, कॅमेरा बरा हाये ना?" माझी चौकशी त्यानंतर.

लोक मागतील ते तो वाजवायचा, धंदाच तो. पण जीव भलतीकडेच अडकला होता. त्याची लेक वर्ध्याला कॉलेजात होती. एका दुपारी कूलरसमोर बसून तिने मोबाइलवर काहीतरी लावलं. संथ ठेका, मधूनच बासरीसारखा सूर, आणि कूलरच्या वाळ्यातून पाणी टपकावं तसे सुटे सुटे स्वर. असल्या संगीताला ट्रॉपिकल हाउस म्हणतात म्हणे. तिकडे परदेशात लोक समुद्राकाठी वाळूत लोळत ऐकतात. याने विचारलं, "हे नाचाचं हाये का झोपाचं?" लेक म्हणाली, "दोन्हीचं, बाबा." गडी तिथेच खलास.

समुद्र त्याने पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे त्याच्या लेखी बोर धरण. पण सिद्धांत तयार होता. "त्या लोकाइले ऊन भेटत नाई, म्हणून थे या गाण्यात ऊन आयकते. आपल्याले सावली भेटत नाई, आपण सावली आयकाची." मी तेव्हा हसलो होतो. पण भर दुपारच्या वरातीत घाम पुसताना मला ते खरं वाटू लागलं.

मग त्याने रीतच पाडली. वाटेत कडूनिंब दिसला की पिकअप सावलीला लावायची आणि असं एक गाणं सोडायचं. एरवी कान झाकून मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या पुढे यायच्या, सावलीत टेकायच्या आणि बसल्याजागी हात हलवायच्या. तेवढ्यात पोरं बोंबलायची, आणि गाणं अर्ध्यात तुटायचं. "एक तरी वरात याच्यावर दारापर्यंत गेली पायजे, भाऊ," तो म्हणायचा. लेकीने शब्द दिला होता, "माझ्या लग्नात वाजवा."

आता गंमत बघा. शेकडो वराती वाजवलेला माणूस, पण बापलेक दोघेही एक गोष्ट विसरले. वरात मुलाकडची, म्हणून डीजेही मुलाकडचा. मुलीच्या बापाने हार घेऊन दारात उभं राहायचं. रोहणा गावच्या मुलाशी लग्न ठरलं तेव्हा व्याही सहज बोलून गेले, "डीजे आमचा राहीन बरं." मला हे सांगताना तो हसला, पण बराच वेळ उगाच वायरी गुंडाळत बसला. मला वाईट वाटलं.

लग्न हिंगणीला, त्याच्या घरी. बुद्धवंदनेची वेळ जवळ आली आणि वरात रस्त्याच्या टोकाशीच अडली. तिकडच्या डीजेची मशीन उन्हाने तापून बंद पडली होती. आणि वाजल्याशिवाय वरात हलते का? पोरं हटून बसली. नवरदेवाची आजी पदराने वारा घेत एका ओट्यावर टेकली होती. हा हार टेबलावर ठेवून मांडवामागे उभ्या पिकअपकडे निघाला, तर भावाने हात धरला. "येडा झाला का बे? पोरीचा बाप दारात पायजे!"

तेवढ्यात पांढऱ्या साडीतली नवरी बाहेर आली. "बाबा, तुम्ही दारात उभे राहा. मी पायते."

मामाने पिकअप फाटकाशी आणली. आत्याने छत्री धरली, आणि नवरी मिक्सरपाशी बसली. आपल्याच वरातीला वाजवणारी नवरी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. गाणं तेच, निंबाखालचं. पोरांनी आधी एकमेकांची तोंडं बघितली. मग आजी उठली, नवरदेवाचा हात धरला आणि ठेक्यावर एकेक पाऊल टाकत निघाली. तिला मागे टाकून कोण नाचणार? सगळी वरात तिच्या चालीने आली, पार दारापर्यंत, आणि या वेळी कुणी ओरडलं नाही.

मी उलटा चालत येत होतो. वळून पाहिलं तर हा हार हातात धरून डोळे मिटून उभा. व्याही पुढ्यात येऊन "जयभीम" म्हणाले तरी याला पत्ता नाही. मी आधी फोटो काढला, मग कोपर मारलं, तेव्हा डोळे उघडले.

"जनमभर स्पीकरच्या मांगं बसलो, भाऊ," तो म्हणाला. "पुढून असं आयकू येते व्हय?"

त्याने वाजवलेल्या कितीतरी लग्नांचे फोटो माझ्याकडे आहेत. एकातही तो नाही, डीजे नेहमी चौकटीबाहेर. त्याचा फोटो हा एवढाच. मिटलेले डोळे, हातात झेंडूचा हार, आणि नव्या सदऱ्याचा कांद्याने फुगलेला खिसा.