आईच्या तोंडावरचं खोबरेल तेल

ये गं बाय, अशी जवळ सरक. पुण्यात बसून वाचत असलीस तरी आजीची बोलणी चुकत नाहीत. परदेशातल्या म्युझियमचे ढीगभर फोटो मला पाठवलेस, आणि इथं सरकारी संग्रहालयात तुझी सख्खी पणजी भिंतीवर बसलीय, तिला एकदा बघितलं नाहीस. शोभतं का तुला हे?

माझ्या आईनं जन्मात फोटो काढू दिला नाही. फोटोनं आयुष्य घटतं म्हणायची. पण ती पोरसवदा असताना सांगलीकडं तिच्या गावात एक चित्रकार आले होते. ओल्या हळदीची माती झाडत बसलेल्या आईला त्यांनी तसंच रंगवलं. चित्राला तिची हरकत नव्हती. तेवढाच काय तो तिचा चेहरा जगात उरलाय. ते चित्र पुढं इथल्या संग्रहालयात आलं. लय मोलाचं आहे असं जाणती माणसं सांगतात. संग्रहालयातल्या लोकांना मात्र कुणी सांगितलेलं दिसत नाही.

कोरेगावात नांदायला आल्यापासून मी अधूनमधून तिला बघायला जायची. मधली काही वर्षं जाणं झालं नाही. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर सुनेला घेऊन गेले. दारात नवा चकचकीत ग्रॅनाइट. आत छत गळतंय, खाली बादली, आणि संगमरवरी पुतळ्याच्या हातावर फरशी पुसायचं फडकं वाळत घातलेलं. म्हटलं, चला, पुतळ्याला काम तरी लागलं.

पुढं आई दिसली. कपाळावर ओलं कुंकू थापलेलं, गालावर हळद, ओघळ हनुवटीपर्यंत. सगळं तोंड तेलकट. डाव्या गालाचा रंग पोपडे धरून उडालेला.

शिपायाला विचारलं, "काय वं, ह्यो परताप कुणाचा?"

"आवं आजी, खंडेनवमीला आमी तलवारी पुजतो, तोफ पुजतो. मग ह्या बाईनंच काय घोडं मारलंय? दर साली पुजतो की! आधी खोबरेलाचा हात फिरवतो. कशी चमकतीया बघा!"

"चमकतीया व्हय? आरं, चित्र हाय का भाकरीचा तवा?"

तशीच साहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्या खुर्चीमागं मंत्र्यांचा फोटो, काचेत, धुळीचा कण नाही. साहेब गोड हसले. "मावशी, श्रद्धेचा विषय आहे. तुमच्या आईची पूजा होते, तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे."

म्हटलं, "साहेब, तुमच्या पदवीच्या कागदावर चोळा की खोबरेल. बघू चमकतोय का."

ते आणखी हसले आणि चहा मागवला. चहा झकास होता हो. त्या इमारतीत तेवढं एकच खातं नीट चालतं. तज्ज्ञ बोलवायचा प्रस्ताव वर गेलाय म्हणाले. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

सुनेनं मोबाइलवर फोटो घेतला, तर तेलाच्या चकाकीत आईच्या तोंडावर नुसती ट्यूबलाइट उठली. निघताना शिपायाला हात जोडून सांगितलं, "बाबा, पुढल्या साली तिला हात लावू नगंस." तो म्हणाला, "आजी, नुसतं बोटभर कुंकू. सवाष्ण बाई हाय, मोकळं कपाळ बरं दिसतंय का?"

गाल गेला, बाई. पण डोळे अजून शाबूत आहेत. माझ्यानंतर त्या डोळ्यांना आई म्हणून ओळखणारं कुणी राहणार नाही, तेव्हा निदान तू तरी बघून ठेव. पुढची खंडेनवमी यायच्या आत ये. तिथला जिना मला आता एकटीनं चढवत नाही, तुझा हात धरून चढेन. सुट्टी मिळत नाही असलं काही सांगू नकोस. ये लवकर.