मामांची पाचवी सायकल

जगात इसवी सन आणि शालिवाहन शक अशा दोनच कालगणना आहेत, असं मी माझ्या बायकोच्या मामांना भेटेपर्यंत समजत होतो. मामांची तिसरी आहे, आणि ती सायकलींवर चालते. आयुष्यात त्यांच्या पाच सायकली झाल्या. माझ्या बायकोचा जन्म दुसरीच्या काळातला, आणि आमचं लग्न झालं ते तिसरीचं चेनकव्हर निघालं त्याच महिन्यात. पहिली नागपूरची, वडिलांची, नळीखालून पाय घालून शिकलेली. तिचे ब्रेक लागत नसत, त्यामुळे थांबायचं असेल तेव्हा मामा एखादं ओळखीचं कुंपण गाठत. मामी त्यांपैकीच एका कुंपणाआडच्या.

दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत मामा चढत चढत अवर सचिव झाले, पण ऑफिसला गेले ते सायकलवरच. एकदा नव्या रक्षकानं त्यांना फाटकावर अडवलं. ‘चाचा, डाकवाले पीछे से,’ असं म्हणून त्यानं एक लिफाफा त्यांच्या हातात ठेवला. ‘यह भी ऊपर दे देना, साइन करा के लाना.’ लिफाफा मामांच्याच नावाचा होता. मामा निमूटपणे मागच्या दारानं वर गेले, सही केली आणि पोचपावती खाली आणून दिली. ‘अच्छा, पण काम तर त्यानं बरोबरच सांगितलं होतं ना?’ एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

तिसरी गंजून गेली आणि चौथी मेट्रो स्टेशनाबाहेरून चोरीला गेली. मी त्यांच्यासोबत चौकीवर गेलो होतो. हवालदारानं विचारलं, ‘कोई पहचान?’ रंग, कंपनी, नंबर सगळं राहिलं बाजूला. मामा म्हणाले, ‘थोड़ा बाएँ को खींचती है, पर स्वभाव की अच्छी है.’ हवालदारानं पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. त्याची मला अजून लाज वाटते, कारण घरी आल्यावर मामा जेवले नाहीत. मग मुलीनं पाचवी घेऊन दिली, गिअरवाली. मामांनी ती गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, थेट हॉलमध्ये उभी केली आणि तिचा गिअर कधीच बदलला नाही. ‘गिअर अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावेत,’ म्हणत.

यंदा हिवाळ्यात दूध आणताना मामांना घेरी आली आणि ते सोसायटीच्या फाटकाजवळ पडले. फार लागलं नाही, पण डॉक्टरांनी सायकल बंद केली. मुलगी गुरुग्रामहून धावत आली आणि म्हणाली, ‘बाबा, प्लीज. आता बिल्कुल नाही.’ सायकल सोसायटीच्या माळ्याला द्यायची ठरली, आणि ती खाली न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मामा वाद घालतील म्हणून मी दहा मुद्दे पाठ करून गेलो होतो. त्यांनी सायकल आधीच घासूनपुसून ठेवली होती, हवाही भरली होती. त्यांचा हट्ट मी मोडून काढला असता, पण हा शहाणपणा मला बघवेना.

खाली आल्यावर हळूच म्हणाले, ‘जावईबापू, एक चक्कर? मी नाही चालवत, शब्द दिलाय. तुम्ही चालवा, मी मागे बसतो.’

मी पंचवीस वर्षांत सायकलला हात लावला नव्हता. मामा कॅरिअरवर बसले आणि मी झोकांड्या खात निघालो. ‘समोर बघा, चाकाकडे नको,’ ते मागून सांगत होते. दुसऱ्या टॉवरपुढे कुठे माझा तोल सापडला, आणि मागचा आवाज थांबला. वजनही जाणवेना. उतरले की काय, म्हणून मी घाबरून हाक मारली, ‘मामा, बसलायत ना?’

‘आहे की. चला.’

त्यांनी माझा स्वेटर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. एवढा मोठा माणूस इतका हलका कधी झाला, हे मला कळलंच नव्हतं. फाटकापाशी माळी सायकल घ्यायला येऊन उभा होता. मी घंटी वाजवली आणि न थांबता पुढची चक्कर घेतली.