पारूमावशीचा नंबर

मंगळवेढ्याला आमच्या शाळेत सातवीचा तास चालू होता. सोलापूरच्या एस.टी.चे कंडक्टर वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली. सोलापूरला मुक्काम असला की ते स्टेशनामागच्या माझ्या मावशीच्या खानावळीत जेवायचे. "बाई, आज खानावळ बंद हाय," एवढंच ते म्हणाले. पुढं विचारायची गरज पडली नाही. तापानं फणफणली तरी चूल पेटवणारी पारूमावशी... तिची खानावळ बंद म्हणजे काय झालं असणार, ते मला कळलं. मी फळ्यावरचं गणित अर्धंच सोडलं आणि त्यांच्याच गाडीनं सोलापूरला निघाले.

तिला जाऊन आता महिना होत आला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि गेले ती तिच्यामुळं. मॅट्रिक झाल्यावर वडील म्हणत होते, पोरीला एवढं बास झालं. मावशी स्वतः गावी आली, माझी पत्र्याची पेटी उचलून बाहेर ओट्यावर ठेवली आणि वडिलांना म्हणाली, "दाजी, भाकरी मी घालते. डोकं तिचं तिच्यापाशी हाय." या ऋणाबद्दल लिहायचं तर पुष्कळ आहे. पण मावशी कोण होती हे सांगायचं, तर पंगतीची गोष्ट सांगितल्याशिवाय भागत नाही. तिचा मुलगा बाळूदादा याला विचारूनच ती गोष्ट मी लिहिते आहे. माणसांची नावं मात्र बदलली आहेत.

सोलापूरच्या मालधक्क्यावर तेव्हा हमालांची एक टोळी होती. बाहेरच्यांना ती ठाऊक नव्हती आणि तिला पाटी-बोर्ड असा काही नव्हता. आतली माणसं तिला 'पंगत' म्हणायची. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, त्या पंगतीत होते. मावशी परातीत भाकरी थापता थापता मला हे सगळं तुकड्यातुकड्यानं सांगायची, जणू शेजारच्या घरातलं लग्न कसं झालं ते सांगते आहे. सुरुवात म्हणे चांगल्या कामानं झाली. फार पूर्वी एका हमालावर न केलेल्या चोरीचा आळ आला आणि तो तुरुंगात गेला. मागं बायकोपोरं उपाशी. तेव्हा बाकीच्या हमालांनी एका परातीत भाकरी आणि मीठ खाऊन शपथ घेतली, की आपल्यातला कोणी आत गेला तर त्याचं घर आपण जगवायचं. काही वर्षं तेवढंच चाललं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की आळ येणारच आहे, तर चोरी तरी का सोडा... आणि मालगाडीचे डबे फुटायला लागले. कधी साखर, कधी कापडाचे गठ्ठे, आणि दुष्काळाच्या वर्षांत तांबडी ज्वारी. लोक रेशनच्या रांगेत उभे असताना त्यांचंच धान्य रुळाशेजारी उतरत होतं. मावशी त्या धान्याला हात लावायची नाही. आपली जोंधळ्याची भाकरी आपल्या पैशानं करायची.

पंगतीचे नियम थोडे होते, पण ते कोणी मोडत नसे. ज्यानं त्या परातीत भाकरी-मीठ खाल्लं, तो पंगतीचा. बाहेर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम नंबराचा. चोऱ्या वाढल्या की पोलिसांना कोणीतरी माणूस लागायचा. मग ज्याचा नंबर असेल त्यानं आपल्या पायानं ठाण्यात जायचं आणि सगळं मीच केलं म्हणून सांगायचं. गुन्हा त्यानं केलेला असो वा नसो. तो आत असेतो त्याच्या घरी धान्य पोचायचं. नंबर कोणाला चुकवता यायचा नाही, कोणाला ओलांडून पुढं जायचा नाही, आणि नंबर येण्याआधी माणूस मेला तर तो त्याच्या मुलाकडं जायचा. पोलिसांनाही हे सोयीचं असावं. तपास करावा लागत नव्हता, कागद पुरे होत होते.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना काका न्यूमोनियानं गेले. त्यांचा नंबर पुढचाच होता.

बाळूदादा माझ्याहून थोडा मोठा. मॅट्रिक झालेला, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसच्या परीक्षेत पास झालेला. आता फक्त पोलिसांकडून चौकशी होऊन वर्तणुकीचा शेरा यायचा राहिला होता. ठाण्यात एकदा नाव लागलं की ती नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर सगळंच गेलं. मला वाटलं होतं, दादा नाही म्हणेल. पण तो आपल्या वडिलांचा मुलगा होता. "बाबांचं राहिलंय, मी करतो," म्हणाला. मावशी भाकरी थापत राहिली.

पंगतीचे थोरले तात्या एका दुपारी दादाला परातीला बसवायला आले. बरोबर आणखी चौघं. गिऱ्हाईकं उठून गेली होती. माणूस वाईट होता असं मला आजही म्हणवत नाही. काका आजारी असताना तेच औषधाला धावले होते, आणि दादाला न्यायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं हे तोंडावर दिसत होतं. पण नियम त्यांच्या बापाच्या वेळचा. मावशीनं परात मांडली, मध्ये भाकरी ठेवली, कडेला मीठ. दादा हात धुवायला मोरीत गेला. तेवढ्यात मावशीनं पदर खोचला, परातीपाशी मांडी घातली, भाकरीचा तुकडा मोडून मिठाला लावला आणि खाल्ला. सावकाश, नीट चावून.

तात्या म्हणाले, "पारू, हे काय करतीस? बाईमाणूस पंगतीत बसत न्हाय."

"असं कुटं ठरलंय?" मावशी म्हणाली. "खाल्ली त्यो पंगतीचा. मी खाल्ली की. आता ह्यांचा नंबर माझा."

"नंबर पोराकडं जातो."

"पोरगं बसलंय का परातीला? अजून मोरीत हाय त्ये. घरातलं आदी मी बसले."

चौघांपैकी एकजण हसला आणि तात्यांनी बघताच गप्प झाला. दादा ओल्या हातानं दारात उभा. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला भीती दिसली, स्वतःसाठी नव्हे, आईसाठी. मावशीनं त्याला सांगितलं, "बाळ्या, तू कुर्डुवाडीला जायची तयारी कर."

दुसऱ्या दिवशी ती वळकटी बांधून, लोटा घेऊन रेल्वे पोलिसांच्या ठाण्यात गेली. मी बरोबर होते. फौजदारानं विचारलं, मालगाडीचा डबा कोणी फोडला? "म्या." कशानं? "उलथण्यानं." शिपाई खो-खो हसले. फौजदारसाहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, बाई, घरी जाऊन भाकऱ्या थापा. ती उठली नाही. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली, मग परत येऊन चूल पेटवली. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. कोणी तिला आत घेईना आणि ती जायची थांबेना. शिपाई तिला मावशी म्हणायला लागले.

इकडे पंगत अडली. पुढचा नंबर ज्याचा होता तो म्हणाला, पारूबाईचं झाल्याबिगर मी जाणार नाही, नंबर ओलांडायचा नाही हे तुमचंच. त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. पोलिसांना कबुली देणारा दुसरा कोणी मिळेना, तेव्हा कधी नव्हे तो खरा तपास करावा लागला. खुद्द तात्या धरले गेले, काही परगावी पळाले, बाकीचे नुसते हमाल होऊन राहिले. माझ्या मावशीनं टोळी मोडली असं मी म्हणणार नाही. तिला टोळी मोडायची नव्हती. तिला तिचा मुलगा हवा होता. दादा वर्कशॉपमध्ये लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. मी बी.ए. झाले, शाळेत लागले. तात्यांच्या घरी मात्र ते आत होते तोवर मावशीनं डबा पाठवला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मी बी पंगतीचीच न्हवं?"

तेराव्याला तात्या आले. काठी टेकत, डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. अंगणातली माणसं बाजूला सरली. पंगत कधीच संपली होती, तरी मी दादाकडं पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आईच्या जिवावर तो निर्धास्त होता, आणि आता नव्हता. त्यानं लेकीला बायकोकडं दिलं, तात्यांच्या पाया पडला आणि विचारलं, "आईचा नंबर आता माझ्याकडं आला का, तात्या?"

तात्यांनी हातानं चाचपून दादाचा खांदा धरला. मग म्हणाले, "तुझी आई गेली हुती न्हवं ठाण्यात?"

"पण त्यांनी घेतलं नाही."

"न्हाय घेतलं ते त्यांचं त्यांनी बघावं. मी स्टेशनाच्या कोपऱ्यावरनं बघायचो की. दर बाजाराला वळकटी घिऊन जायची. माघारी यायचंय म्हणणारं माणूस वळकटी नेत न्हाय, बाळू... तिचा नंबर भरला. तुझ्याकडं काय बी आलेलं न्हाय."

दादा तिथंच ओट्यावर बसला आणि आई गेल्यावर पहिल्यांदा रडला.

खानावळ आता वहिनी चालवतात. परवा मी गेले तेव्हा दुपारची वेळ होती. गिऱ्हाईकांपुढं ताटं मांडून झाली होती, भाकरी आली, आमटी आली, पण कोणी हात लावेना. वहिनी बावरल्या, काही चुकलं का म्हणून विचारायला लागल्या. तेच एस.टी.चे कंडक्टर संकोचून म्हणाले, "मीठ राहिलं, वहिनी." मावशी मिठाचं भांडं कधी पंक्तीत फिरू देत नसे; "मीठ एकत्र खाल्लं की मानूस बांधला जातो," म्हणायची. ती स्वतः वाकून प्रत्येकाच्या ताटात ज्याचं त्याचं मीठ वेगळं वाढायची, आणि त्यानंतरच माणसं जेवायला लागायची. वहिनी आत गेल्या, भांडं घेऊन आल्या आणि पहिल्या ताटापाशी वाकल्या... बाकीची माणसं मांडीवर हात ठेवून थांबली होती.