प्रश्नाआधी आलेलं उत्तर

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. त्यात माझं कामच संशय घेण्याचं. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात एका ऑनलाइन साडी-कपड्यांच्या कंपनीत मी फ्रॉड तपासते. कुणी आपला इंटरनेटवरचा खरा पत्ता लपवून, परदेशातला सर्व्हर मधे घालून लॉगिन केलं की माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी येते. ब्लॉक करायचं की जाऊ द्यायचं, ते मी ठरवते.

पत्ता लपवता येतो, अंतर नाही. आमची सिस्टिम समोरच्या मशीनला एक छोटा प्रश्न पाठवते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजते. शेजारच्या टेबलावरून आलं तरी थोडा वेळ लागतोच.

मंगळवारी दुपारी जेवून बसले, तर लाल पट्टी. अकाउंट माझ्या आईचं! डिंडोलीत आमच्या गल्लीतल्या अकरा बायका साड्यांना लेस लावतात आणि आईच्या एकाच अकाउंटवरून विकतात. ते गेलं तर अकरा घरांची चूल थंड.

पत्ता परदेशातला. आणि उत्तराच्या वेळेपुढे... वजाचं चिन्ह. म्हणजे प्रश्न जायच्या आधीच उत्तर आलं होतं. म्हटलं, घड्याळ बिघडलं असेल. माझ्या मोबाइलवरून तपासलं, बरोबर. त्या लॉगिनचं परत तपासलं, पुन्हा वजा.

तेवढ्यात त्या लॉगिन करणाऱ्यानं ओटीपीचा मोबाइल नंबर बदलला. आईचा काढून माझा टाकला! त्यासाठी एक गुप्त प्रश्न असतो, त्याचं उत्तरही पहिल्या फटक्यात बरोबर. मला वाटलं, कुणीतरी मलाच अडकवतंय. फ्रॉड तपासणारीच चोर ठरली तर नोकरी गेलीच म्हणायची. मी तो पत्ता कायमचा ब्लॉक केला आणि आईला फोन लावला.

एंगेज. पुन्हा एंगेज.

आणि माझ्या मोबाइलवर ओटीपी यायला लागले. एक... दुसरा... तिसरा. कुणीतरी आईच्या अकाउंटचा पासवर्ड बदलायला बसलं होतं, आणि हे दुसऱ्याच, न लपवलेल्या पत्त्यावरून. मी अकाउंट गोठवलं. सहाव्यांदा फोन लागला.

"कोणाशी बोलत होतीस?"

"एक भाऊ व्हता. मावशी मावशी करे. आपली अहिराणी बोले व, शिरपूरना शे म्हने. नंबर इचारे, पन माले नंबर उनाच नही."

डोकं फिरलं माझं. हिला शंभरदा सांगितलंय, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. पण सुरतेत कुणी अहिराणीत बोललं की आमच्या लोकांना तो सख्खा भाचाच वाटतो. नंबर आईकडे गेला असता तर तिनं वाचून दाखवला असता, वर चहाला ये म्हणाली असती.

घरी गेल्यावर विचारलं, गुप्त प्रश्न कोणता ठेवला होतास? तर, 'घरात तुम्हाला काय म्हणतात?' तिनं सांगितलेलं ते नाव मीही कधी ऐकलं नव्हतं. इथे लिहिणार नाही.

"हे कुणाला माहीत होतं?"

"माले. आन तुना पप्पासले."

पप्पा सुरतेजवळच्या सचिन गावात लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

मी मग सगळं सांगितलं, वजाच्या चिन्हासकट. आईनं हातातली साडी खाली ठेवली. घाबरली वगैरे नाही.

"आन तू त्यासले बंद करी टाकं?"

मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच मी आईचं अकाउंट पुन्हा सुरू केलं आणि, नियम मोडून, तो ब्लॉकही काढला. सिस्टिमवाल्यांनी सगळं तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. मलाही सांगता येत नाही... आईच्या अकाउंटवर ती लाल पट्टी परत कधी आली नाही. मी मात्र रोज बघते.