प्रीपोन केलेला सामना

नव्वदच्या दशकात मी बहरीनमधल्या एका खासगी तंत्रशिक्षण कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. आमच्या तालुक्याच्या शाळेत इंग्रजीचे सर रोज एक अर्ज लिहून घेत. त्या सवयीवर मला नोकरी मिळाली. प्राचार्य उत्तर हिंदुस्थानातले होते. मुलाखतीत माझा अर्ज वाचून त्यांनी मला घेतलं, आणि त्यांचे उपकार मी कधी विसरलो नाही. पुढचं सगळं लिहितानाही ते विसरलेलो नाही.

पत्रं बरी लिहितो म्हणून कॉलेजच्या फुटबॉल संघाचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला कबड्डी तेवढी कळत होती. संघ चांगला होता, असं सगळे म्हणत. पण तो कुठल्या लीगमध्ये नव्हता. लीगमधल्या कॉलेजांना हंगामाच्या आधीच छापील वेळापत्रक मिळायचं. आम्हाला एकेक सामना मागून आणावा लागायचा. अस्करच्या कारखान्यातल्या शिकाऊ कामगारांचा संघ तयार असायचा, पण शिफ्ट बदलली की सातच जण यायचे. झल्लाकच्या हॉटेलवाल्यांना शुक्रवारी सुट्टी मिळायची नाही. लीगमधले संघ ज्या दिवशी मोकळे असत, त्या दिवशी आम्हाला मैदान मिळत नसे, कारण ते वाळूचं मैदानही आम्ही एका क्लबकडून मागून घेतलेलं. रमझान आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कॉलेजच्या बसचा ड्रायव्हर रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान. बस सुरू करण्याआधी तो मला विचारायचा, "काय बीए, आज कोण येणार नाय?"

"आज येतायत. फॅक्स आलाय त्यांचा."

"फॅक्स येतो रे. माणसं येत नायत."

त्या वर्षी लीगच्या सचिवांनी एक अट घातली. त्यांच्या एका संघाशी आम्ही आमच्या मैदानावर नीट सामना भरवून दाखवायचा. ते स्वतः बघायला येतील, आणि सगळं व्यवस्थित झालं तर पुढच्या हंगामात आम्हाला लीगमध्ये घेतील. आमचा कप्तान मुहर्रकचा बहरीनी मुलगा होता. त्याचं कॉलेजचं एकच वर्ष उरलं होतं. मला तो उस्ताद म्हणायचा. "उस्ताद, एकच मॅच," तो बोट वर करून म्हणाला. "इंशाल्ला, बस एकच."

इंग्रज प्रशिक्षक असलेल्या एका कॉलेजनं शुक्रवार दिला. तीन दिवस आधी क्लबनं कळवलं की शुक्रवारी मैदान मिळणार नाही, गुरुवारी दुपारी घ्या. मी लगेच त्या कॉलेजला फॅक्स केला. इंग्रजीत एकच ओळ: सामना गुरुवारी प्रीपोन केला आहे. सचिवांना मात्र मी फोन करून सांगितलं. पुढे ढकलणं म्हणजे पोस्टपोन, अलीकडे आणणं म्हणजे प्रीपोन. आमच्या सरांनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून दिले होते.

गुरुवारी मुलांनी स्वतः चुना टाकून रेषा आखल्या. सचिव वेळेवर आले. गाडीतच बसून राहिले. समोरचा संघ आला नाही. मी क्लबच्या फोनवरून त्या कॉलेजला पुन्हा पुन्हा फोन लावला; शुक्रवारच्या सुट्टीमुळे गुरुवारी दुपारीच तिथलं ऑफिस बंद. तासाभरानं सचिवांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले. ड्रायव्हर माझ्या शेजारी उभा होता. मग जाऊन त्यानं बस सुरू केली.

शनिवारी तो इंग्रज प्रशिक्षक माझा फॅक्स घेऊन प्राचार्यांच्या खोलीत बसला होता. कप्तानाला आणि मला बोलावलं. प्रशिक्षक अगदी सभ्यपणे म्हणाला, "मला वाटलं पोस्टपोनच आहे, टाइप करताना चूक झाली. म्हणून आम्ही पुढचा गुरुवार धरला. हा शब्द इंग्रजीत नाही हो."

एक फोन करून विचारलं असतं तर? हे मी मनात म्हटलं.

प्राचार्यांनी टेबलावरचा शब्दकोश उघडला, पान शोधलं आणि बोट फिरवलं. "नाही बुवा," ते हसून म्हणाले. "छोट्या गावचं इंग्रजी. आमच्या क्लार्कनं कुठून काढला, देव जाणे." प्रशिक्षकही हसला.

त्या खोलीच्या दारालगत नोटीस बोर्ड होता. त्यावर मागच्या आठवड्याची नोटीस होती: स्टाफ मीटिंग दहा वाजता प्रीपोन केली आहे. मजकूर प्राचार्यांनी सांगितलेला, टाइप मी केलेला, सही त्यांची. दर एक-दोन महिन्यांनी हा शब्द ते मला सांगत आणि मी टाइप करत होतो.

मी म्हणालो, "सॉरी सर."

प्रशिक्षक गेल्यावर प्राचार्यांनी सचिवांचं पत्र पुढे केलं. सामना भरवण्याची तुमची तयारी दिसत नाही, सबब प्रवेश देता येत नाही. मग त्यांनी मला धीर दिला, की काळजी करू नका, नोकरीला धक्का लागणार नाही. माझा व्हिसा त्यांच्याच सहीवर होता. मी थँक्यू म्हणालो. दोनदा म्हणालो.

बाहेर आलो तर माझ्या आधीच बाहेर पडलेला कप्तान बोर्डासमोर थांबलेला. त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"उस्ताद, हा तोच शब्द ना?"

"हो."

"मग आत का नाही सांगितलं?"

मी सचिवांचं पत्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते वाचलं. "म्हणजे खलास," तो म्हणाला.

इतक्यात आतून घंटी वाजली. मी गेलो. प्राचार्य कागदांत बघत होते. मान वर न करता म्हणाले, "बाहेर ती मीटिंगची जुनी नोटीस आहे ना, ती काढून टाका."

मी बाहेर येऊन नोटीस काढायला लागलो. तिला चार टाचण्या होत्या. शेवटची निघेपर्यंत कप्तान तिथेच उभा राहून बघत होता.